वाचकांचे प्रश्न: लघवीचं इन्फेक्शन आणि शेजारणीची गोळी

मागच्या अंकात उन्हाळ्यातल्या आजारांवर लिहिलं होतं, त्यात लघवीच्या जळजळीवर फक्त दोन ओळी होत्या आणि सगळ्यात जास्त पत्रं नि व्हॉट्सॲप मेसेज त्या दोन ओळींवरच आले, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून. बहुतेक बायांनी वरतीच लिहिलंय की नाव छापू नका, म्हणून कुणाचंच नाव दिलेलं नाही, फक्त गाव दिलंय. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, की अमकीला ज्या गोळीने बरं वाटलं तीच मी पण घेतली. जळजळ सगळ्यांची सारखीच असते हो, पण गरोदर सुनेचं, सत्तरीतल्या सासऱ्यांचं, नळी लावलेल्या आजोबांचं आणि दहा महिन्यांच्या लेकराचं औषध एक नसतं, आणि काही वेळा तर औषध द्यायचंच नसतं. एवढं डोक्यात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न: माझी आई रोजाने निंदणीला, कापूस वेचायला जाते. वर्षातून चार-पाच वेळा तिला उन्हाळी लागते, "लघवीले आग व्हस" म्हणते, ओटीपोट दुखतं. मेडिकलवाला दोन दिवसांच्या गोळ्या देतो, बरं वाटतं, महिना-दीड महिन्यात परत तेच. शेतात आडोसा नसतो म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. (चोपडा)

उत्तर: बेटा, अर्धं उत्तर तुझ्या शेवटच्या वाक्यातच आहे. दुपारी बांधावर बाया भाकरी सोडून बसतात तेव्हा त्यांच्या बाटल्या बघ, सकाळी भरून आणलेल्या तशाच असतात, दोन घोट घशाला आणि बास. सकाळी सहाला घरून निघालेली बाई संध्याकाळी घरी येऊनच लघवीला जाते. केळीच्या बागेत निदान झाडांचा आडोसा तरी असतो, कपाशीच्या वावरात तोही नाही.

आता उन्हाळी म्हणजे नक्की काय ते बघू. उन्हाने अंगातलं पाणी कमी होऊन लघवी घट्ट नि गडद पिवळी होते आणि आग होते, ही एक गोष्ट, ती भरपूर पाणी प्यायलं की काही तासांत थांबते. दुसरी गोष्ट खरं इन्फेक्शन, त्यात पाणी पिऊनही आग जात नाही, आत्ताच जाऊन आलं तरी परत जावंसं वाटतं, गेलं तर चार थेंब होतात, लघवी गढूळ दिसते, कधी लालसर. तुझ्या आईला हे कापूस वेचणीच्या दिवसांतही होतं, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, तेव्हा कुठलं आलंय मे महिन्यातलं ऊन, त्यामुळे हे नुसत्या उन्हाचं नाही.

होतं असं की बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचे जंतू, जे आपल्याच आतड्यात राहतात, ते पुढे सरकून मूत्रमार्गात शिरतात. बाईची मूत्रनळी जेमतेम ४ सेंटिमीटरची असते, पुरुषाची साधारण २० ची, म्हणून बायांना हा त्रास जास्त, यात स्वच्छता कमी असण्याचा किंवा चारित्र्याचा काही संबंध नाही. शिरलेले जंतू लघवीबरोबर वाहून जायला पाहिजेत, पाट वाहता राहिला तर शेवाळ धरत नाही तसं, आणि इथे तर नऊ-दहा तास पाट बंदच.

मेडिकलवाल्याच्या दोन दिवसांच्या गोळ्यांबद्दल. त्या बहुतेक सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनच्या असतात आणि वर्षानुवर्षं अशाच अर्ध्यामुर्ध्या खाल्ल्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जंतूंना त्या आता लागूच पडत नाहीत. साध्या, फक्त मूत्राशयापुरत्या इन्फेक्शनला आज आम्ही आधी नायट्रोफ्युरँटोइन ५ दिवस किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पावडर एकदाच पाण्यातून, असं देतो. नायट्रोफ्युरँटोइन हे १९५३ पासूनचं जुनं औषध आहे पण ई. कोलायवर अजून चांगलं टिकून आहे, फक्त किडनी खूप कमजोर असेल तर चालत नाही आणि जंतू किडनीपर्यंत पोचले असतील तर पुरत नाही. त्याने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरून गोळ्या बंद करू नका. आग कमी करायचं जे सायरप मिळतं त्याने आराम पडतो पण जंतू मरत नाहीत, हे पण लक्षात ठेवा.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की ते वारंवारचं इन्फेक्शन, तुझ्या आईचं त्यात बसतं. आता पुढच्या वेळी गोळी घ्यायच्या आधी लघवीचं कल्चर करा, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी. धुऊन घ्यायचं, पहिली थोडी लघवी सोडून द्यायची, मधली लॅबच्या निर्जंतुक बाटलीत घ्यायची, घरच्या कफ सायरपच्या धुतलेल्या बाटलीत नाही, आणि दोन तासांत लॅबला पोचवायची. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, पण कुठलं औषध चालेल ते त्यात लिहून येतं. सोबत शुगर आणि सोनोग्राफी एकदा करून टाका.

आणि पाणी. २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला, वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० बाया घेतल्या, अर्ध्या जणींना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं, वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध नाही, गोळी नाही, नुसतं पाणी. पण हे पाणी प्यायचं तर जायला जागा पाहिजे. म्हणून शेतमालक हे वाचत असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, चार बांबू आणि एक जुनी साडी किंवा ताडपत्री बांधून बांधाच्या कोपऱ्याला आडोसा करून द्या, शेजारी पाण्याची एक कळशी ठेवा. तुमच्या कपाशीची वेचणी ज्या बायांच्या जिवावर होते त्यांच्यासाठी एवढं होऊ शकतं. तोपर्यंत आईला सांग, दोन-चार जणींनी मिळून जायचं, एकीने पदर धरायचा, पण तीन-चार तासांच्या वर धरून ठेवायचं नाही.

प्रश्न: मला पाचवा महिना चालू आहे. मला काहीच त्रास नाही, पण रिपोर्टमध्ये लघवीत जंतूंची वाढ १ लाखाच्या वर आली, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. सासूबाई म्हणतात त्रास नाही तर पोटुशी बाईने कशाला गरम औषधं खायची. (अमळनेर)

उत्तर: ताई, सासूबाई काळजीपोटी बोलतात, पण या बाबतीत डॉक्टरांचं ऐका. खाली धुळ्याच्या वहिनींना मी याच्या बरोबर उलट सांगणार आहे ते वाचून गोंधळू नका. गरोदरपणात होर्मोनमुळे किडनीकडून येणाऱ्या नळ्या सैलावतात, वरून गर्भाशयाचा दाब, त्यामुळे लघवी साचते आणि खालचे जंतू सहज वर चढतात. काहीही त्रास नसताना सापडलेले जंतू तसेच सोडले तर दहातल्या दोन-तीन जणींना पुढे किडनीचं इन्फेक्शन होऊ शकतं, थंडी वाजून ताप, उलट्या, ॲडमिट, आणि बाळ वेळेआधी येण्याची भीती. त्यामानाने आठवडाभराचं औषध काहीच नाही.

औषध मात्र गरोदरपणात चालणारंच पाहिजे. सेफॅलेक्झिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, फॉस्फोमायसिन ही चालतात. नायट्रोफ्युरँटोइन मधल्या महिन्यांत चालतं, शेवटच्या महिन्यात नाही, कारण जन्मणाऱ्या बाळाच्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन घरात पडलेली असतील तर हात लावू नका. कोर्स संपल्यावर आठवडाभराने पुन्हा कल्चर करायचं, हे बऱ्याच जणी सोडून देतात. सोनोग्राफीत उजव्या किडनीला थोडी सूज लिहिली असेल तर ती गरोदरपणात बऱ्याचदा असते, फक्त डॉक्टरांना दाखवा. आणि ज्यांना खासगी तपासणी परवडत नाही त्यांच्यासाठी, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथे लघवीचं आवर्जून विचारा.

प्रश्न: लग्न होऊन दोन महिने झालेत, तीन वेळा जळजळ झाली. सासरी कुजबुज सुरू झाली की मी माहेरूनच आजार घेऊन आले. आखाजीला माहेरी आलेय, परत जायचीच भीती वाटते. (साक्री)

उत्तर: बेटा, तू काहीही घेऊन आलेली नाहीस. नवीन लग्नानंतर हे फार जणींना होतं, संबंधाच्या वेळी बाहेरचे जंतू त्या छोट्या मूत्रनळीत ढकलले जातात एवढंच त्याचं कारण. संबंधानंतर लघवीला जाऊन ये, आधी थोडं पाणी पिऊन ठेव, साबण किंवा सुगंधी लिक्विडने आतून धुऊ नको, जंतू मारणारी क्रीम किंवा शुक्राणूनाशक जेली वापरत असाल तर बंद करा. तीनदा झालंय म्हणून एकदा कल्चर कर. पांढरं पाणी वास येणारं जात असेल किंवा नवऱ्यालाही जळजळ असेल तर दोघांनी मिळून दाखवायला जा. एवढं करूनही थांबलं नाही तर संबंधानंतर एक छोटा डोस घ्यायची पद्धत आहे, ती डॉक्टर ठरवतील. आणि हा अंक सासरी घेऊन जा, सगळ्यांच्या हातात पडू दे.

प्रश्न: वय ६९, रेल्वेतून रिटायर. लघवीला जळजळ, धार बारीक, रात्री चार वेळा उठतो. बायकोला पावडरच्या एका पुडीने दोन दिवसांत आराम पडला होता, मी पण तीच घेतली, काही फरक नाही. (भुसावळ)

उत्तर: नाना, वहिनींची पुडी तुम्हाला पुरणार नव्हतीच. पुरुषाला लघवीचं इन्फेक्शन झालं की आम्ही आधी विचारतो की का झालं, कारण एवढी लांब मूत्रनळी असताना जंतू सहजासहजी वर जात नाहीत. तुमच्या वयात आणि धार बारीक म्हणताय म्हणजे प्रोस्टेट, मूत्राशयाच्या खाली पुरुषांना असते ती गाठ, वाढल्याची शंका पहिली. गाठ वाट अडवते, लघवी करून आलात तरी मूत्राशयात थोडी उरते, आणि त्या उरलेल्यात जंतू वाढतात.

तर कल्चर, शुगर, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी, सोनोग्राफीवाल्याला सांगायचं की लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही मोजा. औषध कमीत कमी ७ दिवस, आणि प्रोस्टेटमध्येच इन्फेक्शन असेल तर दोन ते चार आठवडे, आणि औषधही त्या गाठीत शिरणारं पाहिजे. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी आत्ता जळजळ चालू असताना करू नका, इन्फेक्शनमध्ये तो आकडा उगाच वाढून येतो आणि घरात कॅन्सरची भीती शिरते, बरं झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी करा. सर्दीच्या गोळ्या मनाने खाऊ नका, काहींमधल्या औषधाने लघवी एकदम अडू शकते. अडलीच, पोट फुगून थेंबही येत नाही असं झालं, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठायचा.

प्रश्न: सासूबाई ७६ वर्षांच्या. फुल बॉडी चेकअपमध्ये लघवीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) आणि जंतू निघाले. तीन कोर्स झाले, रिपोर्ट अजून क्लिअर होत नाही. त्यांना तसा काही त्रास नाही, पण गोळ्यांनी जेवण गेलं, जुलाब लागले. (धुळे)

उत्तर: वहिनी, त्रास नाही ना, मग थांबा. वय झालेल्या बऱ्याच बायांच्या लघवीत जंतू नुसते वस्तीला असतात, काही करत नाहीत, त्यांना मारायला गेलं तर ते जातात आणि त्यांच्या जागी जास्त चिवट जंतू येऊन बसतात, मग खरं इन्फेक्शन झालं की गोळी चालत नाही आणि थेट इंजेक्शनवर यावं लागतं. बिनत्रासाच्या जंतूंवर उपचार करायचे ते गरोदर बाईला आणि लघवीच्या मार्गाच्या ऑपरेशनच्या आधी. वय झालेल्यांना नाही, शुगरवाल्यांना नाही, नळी लावलेल्यांना नाही. रिपोर्ट क्लिअर करणं हे आपलं ध्येय नाही, सासूबाई जेवल्या पाहिजेत, हिंडल्या-फिरल्या पाहिजेत. पुन्हा पुन्हा रिपोर्ट करूच नका.

एक दोन गोष्टी मात्र बघा. ताप, नव्याने जळजळ, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, हे आलं तर लगेच दाखवायचं. वय झालेलं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं की सगळे लघवीचं इन्फेक्शन धरून चालतात, पण पाणी कमी पडणं, सोडियम कमी होणं, नवीन झोपेची गोळी, बद्धकोष्ठ यानेही तसं होतं, तेव्हा डॉक्टरांना सगळंच तपासू द्या. आणि पाळी गेलेल्या बायांना खरोखरच वारंवार इन्फेक्शन होत असेल तर योनीमार्गात लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते, तिने तिथली कोरडी पडलेली त्वचा सुधारते आणि पुन्हा पुन्हा होणं कमी होतं. आपल्याकडे हे औषध फार कमी जणींपर्यंत पोचतं, लाजेमुळे ना पेशंट विचारते ना डॉक्टर बोलतात. विचारा. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते आधी सांगा.

प्रश्न: मुलगी १० महिन्यांची, तीन दिवस १०२ ताप, सर्दी नाही खोकला नाही. डॉक्टर लघवी तपासा म्हणाले. एवढ्याशा बाळाला लघवीचं इन्फेक्शन होतं का? (पाचोरा)

उत्तर: होतं, आणि एवढ्या बाळात ते बऱ्याचदा तापाशिवाय दुसरं काही दाखवत नाही, दात येताहेत म्हणून लोक आठवडा घालवतात. डॉक्टर बरोबर आहेत, उशीर करू नका. चिकटवायच्या पिशवीत घेतलेल्या लघवीचं कल्चर भरवशाचं नसतं, त्वचेवरचे जंतू त्यात मिसळतात, म्हणून दवाखान्यात बारीक नळी घालून दोन मिनिटांत नमुना घेतात, बाळ रडेल पण इजा होत नाही. औषध ७ ते १० दिवस पूर्ण, ताप दुसऱ्याच दिवशी उतरला तरी. नंतर सोनोग्राफी करा, काही बाळांत लघवी उलटी किडनीकडे चढण्याचा दोष असतो, तो वेळेत कळला तर किडनीवर व्रण पडायचं टळतं. थोड्या मोठ्या मुलांत बद्धकोष्ठ आणि खेळाच्या नादात लघवी धरून ठेवणं ही दोन कारणं फार दिसतात. शाळेच्या संडासाला कडी नसेल तर मुली दिवसभर धरून ठेवतात, पालकसभेत हे बोला.

प्रश्न: वडिलांना लकवा मारला, दोन महिन्यांपासून लघवीची नळी आहे. लघवी गढूळ येते, वास येतो. गावातला कंपाउंडर दर आठवड्याला नळीतून औषध सोडून धुतो आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतो. बरोबर आहे का? (चाळीसगाव)

उत्तर: दादा, तुम्ही वडिलांचं एवढं करताय, त्यातला हा भाग मात्र बंद करा. नळी घातली की दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के लोकांच्या लघवीत जंतू येतात, महिन्याभरात जवळपास सगळ्यांच्याच. म्हणजे तुमच्या वडिलांचं कल्चर आज केलं तर जंतू निघणारच, लघवी गढूळ असणारच, त्याला इन्फेक्शन म्हणत नाहीत. ताप, थंडी, नव्याने सुस्ती किंवा बडबड, ओटीपोट-कंबर दुखणं, बीपी कमी, हे असेल तर इन्फेक्शन. तेव्हा आधी जुनी नळी बदलायची, नव्या नळीतून नमुना घ्यायचा आणि मगच औषध. जुन्या नळीच्या आत जंतूंचा थर बसलेला असतो, तिच्यातून घेतलेला नमुना खोटं बोलतो. दर आठवड्याला नळी उघडून धुतली की उलट बाहेरचे जंतू आत जातात.

आता रोजचं. पिशवी कायम कंबरेच्या खाली पाहिजे पण जमिनीला टेकता कामा नये, खाटेच्या पट्टीला अडकवा. कूस बदलताना, बाहेर ओट्यावर आणताना लोक पिशवी उचलून पोटावर ठेवतात, त्या एका मिनिटात सगळी लघवी उलटी आत जाते. उचलावीच लागली तर आधी रिकामी करा. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची, हात साबणाने धुऊन, तोटी भांड्याला न टेकवता, आणि ते भांडं फक्त त्याच कामाचं. नळी मांडीला चिकटपट्टीने लावा म्हणजे ओढ बसत नाही, पिळ पडलाय का ते दिवसातून दोनदा बघा. नळी जिथून आत जाते ती जागा रोज अंघोळीच्या वेळी साध्या साबण-पाण्याने, डेटॉल नाही. पिशवी कधी जांभळी झालेली दिसली तर धसका घेऊ नका, बद्धकोष्ठ असलेल्या पेशंटमध्ये काही जंतूंमुळे तसं होतं, डॉक्टरांना सांगा आणि पोट साफ राहील ते बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळीची अजून गरज आहे का, हे कुणी तपासलंय का? लकव्यानंतर बऱ्याच जणांची लघवी काही आठवड्यांत परत सुरू होते. डॉक्टरांना म्हणा एकदा काढून बघू. पुरुषांसाठी बाहेरून लावायची कंडोमसारखी पिशवी असते, किंवा दिवसातून चार-पाच वेळा तात्पुरती नळी घालून लगेच काढायची पद्धत घरच्यांना शिकता येते. कायमच्या नळीपेक्षा दोन्हीत इन्फेक्शन कमी.

प्रश्न: मी आश्रमशाळेत शिक्षिका आहे. नववीतल्या एका मुलीला सिकलसेल आहे, तिला दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. काय काळजी घेऊ? (धडगाव)

उत्तर: ताई, तुम्ही विचारलंत याचं फार बरं वाटलं, सातपुड्यात सिकलसेल बराच आहे आणि शाळेत ही मुलं सांभाळणारं कुणीतरी लागतंच. सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा जन्मजात आजार, त्यात किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून या मुलींना लघवी जास्त होते, रात्री उठावं लागतं, आणि अंगातलं पाणी लवकर संपतं. पाणी संपलं किंवा इन्फेक्शन झालं की हाडं-सांधे दुखण्याचा झटका येतो. तेव्हा तिला वर्गात बाटली ठेवू द्या, तासाच्या मधे जायची परवानगी न विचारता जाऊ द्या, अंथरूण ओलं झालं तर रागावू नका, मुलींसमोर बोलू नका. ताप १०१ च्या वर गेला तर त्याच दिवशी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय, या मुलांची प्लीहा नीट काम करत नाही म्हणून जंतू रक्तात झपाट्याने पसरतात.

दुसरं म्हणजे आदिवासी भागात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरताही आढळते. ती असेल तर नायट्रोफ्युरँटोइन आणि सल्फाच्या गोळ्यांनी रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते, लघवी चहासारखी काळी होते. म्हणून औषध सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड दाखवा आणि ही तपासणी झालीय का विचारा.

प्रश्न: शुगरची नवीन गोळी सुरू केल्यापासून खाली खाज आणि जळजळ आहे. हे लघवीचं इन्फेक्शन का? (जळगाव)

उत्तर: तुमच्या गोळीत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का ते पाकिटावर बघा. ही औषधं साखर लघवीतून बाहेर काढतात, हृदय आणि किडनीला चांगली आहेत, पण त्या साखरेवर बाहेरच्या त्वचेला बुरशी धरते. खाज, लाली, दह्यासारखा पांढरा थर असेल तर ती बुरशी, तिला अँटिबायोटिक नाही तर बुरशीचं मलम किंवा गोळी लागते, आणि लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं ठेवणं. मनाने गोळी बंद करू नका, पण उलट्या, ताप, जेवण बंद असं झालं तर तेवढे दिवस ती थांबवायची असते, हे डॉक्टरांना फोन करून विचारून घ्या. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असेल तर सिप्रो-ऑफ्लॉक्स गटाच्या गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते. शुगरवाल्या माणसाला थंडी वाजून ताप, कंबरेत एका बाजूला दुखणं आणि उलट्या असतील तर घरी लिंबूपाणी पीत बसायचं नाही, क्वचित किडनीत जंतूंमुळे गॅस तयार होतो आणि त्यात तासांचा हिशेब असतो. मुतखडा अडकलेला असताना ताप आला तरी तेच, त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न: आठ महिन्यांपासून जळजळ, सारखं लघवीला. पस सेल्स दर वेळी भरपूर, पण कल्चर दर वेळी "नो ग्रोथ". पाच-सहा अँटिबायोटिक झाले. वजन पण कमी झालंय. (शिरपूर)

उत्तर: भाऊ, सहावं-सातवं अँटिबायोटिक नको. पस आहे पण जंतू वाढत नाहीत याची कारणं ठरलेली आहेत. कल्चरच्या आधीच गोळी घेतलेली असणं, खडा, संबंधातून येणारं क्लॅमिडियासारखं इन्फेक्शन, आणि आपल्याकडे न विसरायचं कारण म्हणजे लघवीच्या मार्गाचा टीबी. टीबीचा जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाही. आठ महिने आणि वजन कमी, म्हणून मला तुमची काळजी वाटते. खोकला नाही म्हणजे टीबी नाही असं समजू नका. सलग तीन दिवस सकाळची पहिली लघवी टीबीसाठी द्यावी लागते, सीबीनॅट या टीबी तपासायच्या मशीनवरही तपासता येते, सोबत छातीचा एक्स-रे आणि किडनीचं सीटी लागेल, सरकारी रुग्णालयात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. निघालाच तर साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो. उशीर झाला तर मूत्राशय आकसतं, नळी अरुंद होऊन किडनी निकामी होऊ शकते, म्हणून याच आठवड्यात जा आणि आठ महिन्यांचे सगळे रिपोर्ट, औषधांच्या रिकाम्या पाकिटांसकट, सोबत न्या.